दुसरं घर घेण्याआधी पहिल्या घराची गळती काढा

वाचकाचं पत्र

आईवडिलांच्या पश्चात त्यांचं घर माझ्या आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या नावावर झालं. बहीण लांब राहते, त्यामुळे घराचं सगळं मीच बघतो. सहा वर्षांपासून तिथे एकच कुटुंब भाड्याने राहतं आहे. माणसं चांगली आहेत, पण भाडं दर महिन्याला आठ-दहा दिवस उशिरा येतं. चार वर्षांत मी भाडं वाढवलेलं नाही. आजूबाजूला तशाच घरांना २५ टक्के जास्त भाडं मिळतं असं आता कळलं. त्यात न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं आहे. प्लंबर दोनदा येऊन गेला, तरी गळतंच आहे. भाडेकरूंचे सारखे फोन येतात.

अशात एका एजंटने त्याच परिसरात दुसरं घर दाखवलं. किमतीच्या २० टक्के मी भरायचे आणि ८० टक्के कर्ज काढायचं. मुदत २० वर्षं, व्याज ८ टक्के. वर्षाचं भाडं किमतीच्या ४ टक्के येईल असं तो म्हणतो. हप्ता बराचसा भाड्यातून निघेल, थोडं पगारातून घाला, जागेची किंमत काही कधी उतरत नाही, असं त्याचं म्हणणं. २० टक्के भरले तर माझ्या हाताशी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकेच पैसे उरतील. आत्ताच्या भाडेकरूंना काढून जास्त भाड्याने घर द्यावं आणि हे दुसरं घरही घेऊन टाकावं, असं माझ्या मनात आहे. बायको म्हणते थांबा. एजंटला या महिन्यातच विसार हवा आहे. काय करू?

उत्तर

तुमच्या पत्नींचं ऐका. ते घर आत्ता घेऊ नका आणि असलेल्या भाडेकरूंनाही काढू नका. या महिन्यात करायचं काम एकच आहे, ते म्हणजे गळती थांबवणं. असं मी का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण यात तुमची बरीच वर्षांची कमाई गुंतणार आहे.

तुम्ही प्रमाणं नीट लिहिलीत हे फार चांगलं केलंत. त्यामुळे एजंटचं बोलणं तपासून बघता येतं. घराची किंमत १०० धरा. वर्षाचं भाडं आलं ४. एजंटचा हिशोब इथे थांबतो, घरमालकाचा इथून सुरू होतो. एक भाडेकरू जातो, रंगकाम होतं, दुसरा येईपर्यंत घर बंद राहतं. सरासरी वर्षाला एक महिना रिकामा धरला तर ०.३३ गेले. घरपट्टी आणि इमारतीचा मेंटेनन्स मिळून ०.५ धरू. दुरुस्तीला आणखी ०.५. दुरुस्तीचा हा आकडा बहुतेक लोक धरतच नाहीत, कारण तो दरवर्षी सारखा येत नाही. चार वर्षं काहीच निघत नाही आणि पाचव्या वर्षी पाइप, वायरिंग, रंग सगळं एकदम अंगावर येतं. विमा आणि किरकोळ खर्चाला ०.०७ ठेवू. हातात राहिले सुमारे २.६. भाड्याच्या उत्पन्नावरचा कर यात धरलेलाच नाही.

आता हप्ता बघा. ८० चं कर्ज, ८ टक्के, २० वर्षं, म्हणजे वर्षाला ८.०३. भाड्यातून जेमतेम त्याचा तिसरा हिस्सा निघतो. उरलेले दोन हिस्से, म्हणजे दरवर्षी घराच्या किमतीच्या साधारण साडेपाच टक्के, तुमच्या पगारातून जाणार. ‘थोडं पगारातून घाला’ याचा खरा अर्थ एवढा आहे.

यावर एजंट म्हणेल, हप्त्यात मुद्दलही फिटतं, ते तर तुमचंच. त्याचं हे म्हणणं खरं आहे, म्हणून मुद्दल बाजूला काढू. पहिल्या वर्षी त्या ८.०३ पैकी सुमारे १.६९ मुद्दलात जातात आणि ६.३४ निव्वळ व्याज असतं. व्याजातून हातात राहिलेलं भाडं वजा केलं की ३.७४ चा खड्डा राहतो. शिवाय तुमचे स्वतःचे पैसे या घरात अडकतात. २० तर आहेतच, त्यावर खरेदीच्या वेळचे कर, नोंदणी, वकील, एजंटची दलाली आणि घर राहण्याजोगं करण्याचा खर्च मिळून ७ धरा. हे २७ तुम्ही दुसरीकडे सुरक्षित ठेवले असते आणि ६ टक्के मिळाले असते, तर १.६२ आले असते. तेही इथे सोडावे लागतात. दोन्ही मिळून ५.३६. म्हणजे घराची किंमत दरवर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली, तरच तुम्ही आहात तिथे राहता. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो. पुढे व्याज कमी होत जातं आणि भाडंही वाढतं हे खरं, पण तोवर तुमचेही जास्त जास्त पैसे घरात अडकलेले असतात. त्यामुळे पहिली काही वर्षं हा आकडा फारसा खाली येत नाही.

आता ‘जागेची किंमत कधी उतरत नाही’ याबद्दल. ती उतरते. जपानमध्ये १९९१ च्या सुमाराला जमिनीच्या किमती शिखरावर होत्या, त्यानंतर त्या दशकभराहून जास्त काळ उतरत राहिल्या. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती देशभरात सरासरी चौथ्या हिश्शाने खाली आल्या आणि काही शहरांत तर निम्म्याने. आणि ज्या काळात किमती चढतात असं आपण म्हणतो, त्या काळाचंही नीट पाहायला हवं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या दोन्ही काठांवरची घरं सतराव्या शतकापासून प्रतिष्ठितांची. पीट आइखहोल्ट्स या अभ्यासकाने तिथल्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी लावून पाहिल्या. महागाई वजा केली तर जवळजवळ साडेतीनशे वर्षांत त्या घरांची किंमत साधारण दुप्पट झाली, म्हणजे वर्षाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढ. शहरातली उत्तम वस्ती, आणि तरीही एवढीच. मधली काही दशकं भरभराटीची होती, काही पडझडीची. ज्याने चढाच्या काळात घेऊन चढातच विकलं त्याला वाटलं असेल की जागेसारखं काही नाही. तुम्ही कुठल्या दशकात घेताय हे आज तुम्हालाही कळणार नाही आणि एजंटलाही नाही.

कर्जामुळे या चढ-उताराचा तुमच्यावर होणारा परिणाम पाचपट होतो. किंमत १० टक्के वाढली तर तुमच्या २० चे ३० होतात, हे एजंटने सांगितलंच असेल. किंमत १० टक्के उतरली तर त्याच २० चे १० उरतात. हप्ता मात्र तोच राहतो. व्याजदर तुमच्या हातात नाही हीसुद्धा यातली मोठी गोष्ट आहे. दर बदलता असेल आणि ८ चा ९ झाला, तर तोच हप्ता ठेवून २० वर्षांचं कर्ज २५ वर्षांहून थोडं पुढे जातं. एका टक्क्याने पाच वर्षं. कर्ज देणारे अशा वेळी अनेकदा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे माणसाला ते जाणवतही नाही. कर्जाचा कागद हातात आला की सगळ्यात आधी दर कायमचा आहे की बदलता, आणि बदलला तर काय वाढणार, हप्ता की मुदत, ते वाचा.

मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य वाटलं ते तीन महिन्यांच्या घरखर्चाचं. हप्त्यासाठी दरवर्षी पगारातून एवढी रक्कम जाणार आणि गाठीशी तीन महिन्यांचे पैसे. नव्या घराचा भाडेकरू अचानक गेला आणि त्याच वेळी घरात कुणाचं आजारपण निघालं, तर तुम्हाला घर घाईने विकावं लागेल, आणि घाईने विकलेल्या घराला कधीच बरा भाव येत नाही. शेअर थोडे थोडे विकता येतात. घराची एक खोली विकता येत नाही, आणि अख्खं घर विकायला महिनोन्‌महिने लागतात. तेव्हा कुणाचंही भाड्याने द्यायचं घर पैशाअभावी अडचणीत येऊ नये, यासाठी नव्या घराच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांचे आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे वेगळे, हात न लावता, ठेवलेले असावेत असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. एजंटने घर त्याच परिसरात दाखवलं आहे आणि तुम्हाला ते सोयीचं वाटतंय, कारण देखरेख करायला बरं. पण तुमची नोकरीही त्याच भागात असेल, तर तुमचा पगार, पहिलं भाडं आणि दुसरं भाडं हे तिन्ही एकाच ठिकाणच्या रोजगारावर उभे राहतात. तिथला एखादा मोठा कारखाना किंवा कार्यालय हललं की भाडेकरू दोन्ही घरांतून एकदम जातात, घराची किंमतही तेव्हाच पडते, आणि हप्ता फेडायचा पगारही त्याच वेळी धोक्यात येतो. जवळ असण्याची सोय खरी आहे, पण तिची ही किंमत आहे.

याचा अर्थ दुसरं घर कधीच घेऊ नका असा नाही. हातात सहा-सहा महिन्यांची तरतूद असेल, वर्षात दोन महिने घर रिकामं राहिलं आणि व्याज एक टक्क्याने वाढलं तरी हप्ता चुकणार नसेल, आणि निदान दहा वर्षं विकायचं नाही अशी तयारी असेल, तर जरूर बघा. बघताना एजंट सांगतो ते भाडं धरू नका. त्या इमारतीत आणि शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या दोन-तीन जणांना ते प्रत्यक्षात किती देतात ते विचारा. जाहिरातीतलं भाडं मागितलेलं असतं, मिळालेलं नसतं. घर पावसात एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा. वरच्या मजल्याचं छत, बाहेरच्या भिंतींवरच्या भेगा, जिन्यातली ओल, सगळे नळ एकदम सोडल्यावर पाण्याचा दाब, हे सगळं तासाभरात कळतं. मालकी हक्काची कागदपत्रं मात्र एजंटच्या वकिलाकडून तपासून घेऊ नका. तुमचा वकील तुम्ही निवडा, त्याचे पैसे तुम्ही द्या.

आता तुमच्या भाडेकरूंविषयी. सहा वर्षं राहणारे, घर नीट ठेवणारे आणि गळती लागल्याबरोबर कळवणारे भाडेकरू ही तुमच्याकडची सगळ्यात किमती गोष्ट आहे. तुम्ही त्यांच्या फोनला वैतागला आहात ते मी समजू शकते, पण जरा दुसऱ्या बाजूने पाहा. जो भाडेकरू गळतीबद्दल काहीच बोलत नाही तो घर सोडतो तेव्हा मालकाला स्लॅबचं लोखंड गंजलेलं सापडतं. तुमचे भाडेकरू तुमच्या घराची राखण करताहेत, तीही फुकट.

भाडेवाढीचं गणित करून बघा. हे लोक गेले तर महिना-दोन महिने घर रिकामं, रंगाचा खर्च, नव्या एजंटची दलाली, सगळं मिळून तीन महिन्यांच्या भाड्याएवढं नुकसान सहज होतं. समजा तुम्ही १० टक्के भाडं वाढवण्याच्या आग्रहात त्यांना गमावलं. १० टक्के वाढ म्हणजे वर्षाला १.२ महिन्यांचं भाडं. तीन महिन्यांचं नुकसान भरून यायला अडीच वर्षं लागतात, आणि तीही नवा भाडेकरू अडीच वर्षं टिकला आणि वेळेवर देत राहिला तर. तुमच्या बाबतीत वाढ २५ टक्क्यांची आहे, म्हणजे वर्षाला ३ महिन्यांचं भाडं. एका वर्षात नुकसान भरून निघेल असं कागदावर दिसतं. पण नवा माणूस कसा निघेल याची खात्री कागदावर येत नाही, आणि बुडवणारा एकच निघाला तर सहा वर्षांची वाढ एका झटक्यात गेली.

म्हणून वाढवा, पण असं वाढवा. आधी गळती पूर्ण काढा. पाणी गळत असताना भाडं वाढवायला जाल तर त्यांना राग येईल आणि तो योग्यच असेल. दुरुस्ती झाल्यावर दोन-तीन महिने आधी लेखी कळवा. आजूबाजूची भाडी मोकळेपणाने दाखवा. २५ टक्के एकदम न मागता दोन टप्प्यांत, एका वर्षाच्या अंतराने मागा, आणि शेवटी बाजारभावापेक्षा थोडं खाली थांबा. ते थोडं म्हणजे चांगला भाडेकरू टिकवण्याचा खर्च आहे, तो मी आनंदाने देईन. आणि नव्या करारात दरवर्षी ठरावीक टक्क्यांची वाढ लिहूनच घ्या. चार वर्षं न वाढवता एकदम २५ मागणं दोघांनाही जड जातं, दरवर्षीची ४-५ टक्के वाढ कुणाच्या लक्षातही राहत नाही. भाडेवाढीवर तुमच्याकडे कायद्याची मर्यादा असेल तर ती आधी वकिलाला विचारून घ्या.

उशिराबद्दल एक प्रश्न त्यांना विचारून पाहा. पगार कुठल्या तारखेला होतो? उशीर दर महिन्याला तेवढाच आठ-दहा दिवसांचा असेल तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. तसं असेल तर करारातली तारीखच पुढे न्या, तुमची दर महिन्याची चिडचिड संपेल. पण उशीर दर महिन्याला वाढत चालला असेल, आधी पाच, मग आठ, मग बारा, तर ती वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या घरात पैशाची ओढाताण सुरू झाली असेल. तेव्हा बसून बोला आणि जे ठरेल ते लिहून घ्या. काहीही झालं तरी पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप बदलणं असले उपाय मनातही आणू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहेत, आणि कायदा नसता तरी घरात मुलंबाळं असलेल्या माणसांशी असं वागू नये.

आता गळती. प्लंबर दोनदा येऊन गेला तरी गळतंच आहे, म्हणजे पाणी कुठून येतंय ते बहुधा कुणी शोधलेलंच नाही. जिथे ओल दिसली तिथे सिमेंट लावून ते गेले असतील. न्हाणीघरातून पाणी खाली जायला मुख्यतः तीन वाटा असतात. भिंतीतल्या नळाच्या पाइपात कायम दाब असतो, त्यामुळे तो फुटला असेल तर कुणी अंघोळ करो न करो, ठिबक चालूच राहते. सांडपाण्याचा पाइप किंवा नहाणी ट्रॅप (फरशीवरच्या जाळीखालचं, सांडपाणी पाइपात सोडणारं भांडं) गळत असेल तर पाणी वापरलं की गळतं आणि थोड्या वेळाने थांबतं. तिसरी वाट फरशीच्या सांध्यांची आणि फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराची. तिथून पाणी हळूहळू झिरपतं, अंघोळ सकाळी होते आणि खाली ओल दुपारी दिसते.

हे ओळखायला तोडफोड लागत नाही, थोडी चिकाटी लागते. पहिल्या दिवशी रात्री न्हाणीघराचा मुख्य कॉक बंद करा आणि सकाळपर्यंत खालच्यांच्या छताकडे लक्ष ठेवायला सांगा. ठिबक कमी झाली आणि कॉक उघडल्यावर, पाणी न वापरताच, परत सुरू झाली तर नळाचा पाइप. तसं नसेल तर फरशी कोरडी होऊ द्या आणि बादलीभर पाणी फरशीला न लावता थेट ट्रॅपमध्ये ओता. खाली आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. तेही नसेल तर ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास साठवून ठेवा. खाली ओल उमटली तर वॉटरप्रूफिंगचा थर गेला आहे. मग सांध्यांत नवं मटेरियल भरून काही महिने भागेल, पण खरा उपाय फरशी काढून थर नव्याने करण्याचा. तो केल्यावर फरशी बसवण्याआधी तीच २४ तासांची चाचणी पुन्हा घ्या. कामगार म्हणतील गरज नाही. तरी घ्या, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पैशाचा शेवटचा भाग देऊ नका.

घरात दुसरं न्हाणीघर नसेल तर या चाचण्यांची आणि कामाची वेळ भाडेकरूंना विचारून ठरवा. ते दोन-चार दिवस बाहेर जाणार असतील तर त्या दिवसांत चाचण्या उरका. थर नवा करायचा झाला तर न्हाणीघर आठ-दहा दिवस बंद राहील. त्या दिवसांचं भाडं घेऊ नका, हे तुम्हीच आधी सांगा, त्यांना मागायला लावू नका. खालच्या घरीही स्वतः जाऊन या, त्यांचं छत बघा आणि ते कोरडं झालं की रंगवून देईन असं सांगा. मात्र ओलसर छतावर रंग लावू देऊ नका, महिन्याभरात पापुद्रे सुटतील.

गळती लांबवण्याचे दोन धोके पैशांपलीकडचे आहेत. ओल्या राहिलेल्या पृष्ठभागावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना तिचा त्रास होतो. दुसरा धोका विजेचा. ओल भिंतीतून बटणांच्या बोर्डापर्यंत किंवा गीझरच्या जोडणीपर्यंत पोचली तर नळाला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. दोन्ही घरांतली ओली भिंत इलेक्ट्रिशियनला या आठवड्यातच दाखवा, आणि तुमच्या घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरला तुटणारं ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारं उपकरण, आहे का ते बघा. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते दाबल्यावर वीज तुटायला हवी. तुटली नाही तर उपकरण बदला. गीझर गॅसचा असेल आणि तो बंद न्हाणीघरात लावलेला असेल, तर गळतीचं काम होण्याची वाट न बघता तो आधी बाहेरच्या हवेशीर जागी हलवा. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि माणूस सावध व्हायच्या आत बेशुद्ध पडतो. घर भाड्याने देणाऱ्याने इतर शंभर गोष्टी उशिरा केल्या तरी चालतील. ही नाही.

तुमच्या बहिणीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलात. पण घर दोघांचं आहे, तेव्हा भाड्यातला आणि खर्चातला वाटा कसा ठरलाय? वॉटरप्रूफिंगच्या खर्चाबद्दल त्यांना काम सुरू होण्याआधी कळवा, अंदाजपत्रक पाठवा. भाडं एका वेगळ्या खात्यात जमा होऊ द्या, खर्च त्यातूनच करा आणि वर्षातून एकदा उरलेल्याची वाटणी करून हिशोब त्यांना पाठवा. तुम्ही देखरेखीचा वेळ देता, त्याचा मोबदला घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त तो दोघांनी मिळून ठरवलेला आणि लिहिलेला असावा. घर विकायचं झालं तर दोघांची संमती कशी घ्यायची, एकाला दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा असेल तर किंमत कशी काढायची, हेही प्रेमाचे दिवस आहेत तोवर लिहून ठेवा.

कागदांचं थोडक्यात. भाडेकरार संपत आला असेल तर नव्या करारात कुठली दुरुस्ती कुणी करायची ते स्पष्ट लिहा. माझ्या मते पाइप, वायरिंग, गळती, छत हे मालकाचं आणि दिवे, नळाचे वॉशर यांसारखं रोजच्या वापरातलं भाडेकरूचं. घराचे फोटो आणि व्हिडिओ दोघांच्या समोर काढून, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून, दोघांनी सह्या कराव्यात. सहा वर्षांपूर्वी हे केलं नसेल तर आता दुरुस्तीनंतर करा. म्हणजे डिपॉझिट परत देताना भिंतीच्या उडालेल्या रंगावरून वाद होणार नाही. रंग फिका पडणं ही राहण्याची झीज आहे, तिचे पैसे कापायचे नसतात. आणि डिपॉझिट वेगळं ठेवा, त्याला तुमच्या नव्या घराच्या २० टक्क्यांत मोजू नका. मोजलं असेल तर तो आकडा आजच दुरुस्त करा.

एजंटला फोन करून सांगा की या महिन्यात विसार देणार नाही. तो म्हणेल दुसरा गिऱ्हाईक तयार आहे. असेल, तर त्याला देऊ द्या. पुढच्या वर्षीही घरं विकायला असतीलच. मधल्या काळात पगारातून जाणाऱ्या त्या साडेपाच टक्क्यांची सवय करून बघा. हप्त्यापोटी पगारातून जी रक्कम गेली असती ती वर्षभर दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. वर्ष सहज निघालं, तर तुमच्याकडे तरतुदीचे पैसेही तयार असतील आणि पत्नींशी पुन्हा बोलायला आकडेही. चौथ्या महिन्यातच त्या खात्याला हात लावावा लागला, तर ते घर न घेतल्याचं तुम्हाला वाईट वाटणार नाही. आणि इलेक्ट्रिशियनला उद्याच बोलवा, प्लंबरच्याही आधी.